अठ्ठ्याऐंशी टक्के मोहिनी

मोहिनी भारंबेचं मत काय आहे, हे मोहिनीला सगळ्यांत शेवटी कळलं. कंपनीला ते आधी कळलं, कंपनीकडून तिच्या नणंदेला कळलं, आणि जिवलग मैत्रिणीने तर ते केव्हाचंच गृहीत धरलं होतं. बातमी तिच्यापर्यंत पोचली तेव्हा ती बिचारी अंगणात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजत बसली होती.

रविवार होता. हर्षाताई, म्हणजे मोहिनीची मोठी नणंद आणि कारखान्यातली तिची पर्यवेक्षक, पलीकडच्याच गल्लीत राहायची आणि भरताचा बेत असला की न बोलावता यायची. आज आली ती मात्र तोंड फुगवून. ओट्यावर बसली, कांद्याची पात चिरायला घेतली आणि बघता बघता सगळ्या पातीची दैना करून ठेवली.

"ताई, पात चिरता का कोनाचा राग काढता?" मोहिनीने विचारलं.

"बाहेरून कळलं मले," हर्षाताई म्हणाली. "माह्या भावाची बायको तू, माह्याच हॉलमध्ये काम करतीस, आनि तू संघटनेले मत देनार हे मले साहेबांनी सांगावं?"

मोहिनीच्या हातातलं वांगं निसटून राखेत पडलं. "मी? मी कधी ठरवलं?"

"पट्टा सांगतो. शंभरात अठ्ठ्याऐंशी."

मोहिनीने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. पट्टा कारखान्यातच ठेवून यायचा असल्यामुळे तिथे आत्ता नुसता गोरा वळ होता. मोहिनीचा नवरा गिरीश दाराशी उभा होता. बायको आणि बहीण यांच्यामध्ये पडायचं नाही हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकला होता, त्यामुळे तो गुपचूप मिरच्या निवडायला आत निघून गेला.

फैजपूरजवळच्या 'हरितकंद' कंपनीत टिश्यू कल्चरच्या केळीची रोपं तयार होत. एका चांगल्या कंदातून कोंब काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, ते अन्नरसाच्या बाटलीत लावायचे, महिन्याभराने पुन्हा कापायचे. एका कंदापासून हजारो रोपं, आणि सगळी एका जातीची, एका अंगाची. या कामाला यंत्रमानव आणून पाहिले होते, पण कोंब नेमका कुठे कापायचा ते त्यांना काही साधेना. म्हणून दोन हजार एकेचाळीस सालीसुद्धा हे काम बायकाच करत होत्या.

दोन्ही बाजूंनी उघड्या काचेच्या पेटीसमोर दोघी जणी समोरासमोर बसत. पेटीतून गाळलेल्या हवेचा झोत सतत वाहायचा. एक कापणारी, दुसरी लावणारी. कापलेला तुकडा क्षणभर जास्त उघडा राहिला की काळवंडायचा, म्हणून कापणारीचा चिमटा पुढे यायला आणि लावणारीची बाटली तिरकी व्हायला एकच गाठ पडावी लागे. तोंडावर मास्क, बोलायची बंदी. कापणारीने श्वास रोखला की लावणारीला कळायचं, आता तुकडा येतोय. मोहिनी लावणारी होती आणि तिच्यासमोरची कापणारी होती रुबीना तडवी. नऊ वर्षं दोघी अशा समोरासमोर बसत होत्या. दोघींच्या नवऱ्यांनाही त्यांच्या श्वासांची एवढी ओळख नसेल.

पट्ट्याचं नाव होतं 'सोबती'. नाडीचे ठोके, हाताचा घाम, त्वचेची उष्णता आणि बोटांची थरथर एवढं तो मोजायचा. बाई दमली की तो मनगटावर गुरगुरायचा, पेटीतला दिवा मंद व्हायचा आणि तिला उठावंच लागायचं. धारदार सुरीने बोटं कापली जाण्याचं प्रमाण त्यामुळे खूप कमी झालं. आजवर एकाही मुकादमाने 'दमलीस, ऊठ' असं म्हटलं नव्हतं, ते पट्टा म्हणायचा. बायकांचा त्याच्यावर जीव जडला होता. कोणी कोणी त्याला हळदीकुंकूही लावून पाहिलं होतं, पण त्याने पट्ट्याची काच खराब होते म्हणून ते बंद झालं.

मग संघटनेची गोष्ट निघाली. बाटलीत बुरशी आली की दोष बाईचा, असा कंपनीचा नियम होता. रुबीनाला तसं एकदा पंधरवडाभर घरी बसवलं, आणि मागाहून निघालं की हवा गाळणारी जाळीच फाटलेली होती. कोणी तिची माफी मागितली नाही. आधी जाळ्या तपासा, मग बाईला बोल लावा, एवढीच संघटनेची पहिली मागणी होती. नव्या कायद्याप्रमाणे संघटनेला मान्यता द्यायची की नाही हे त्या त्या जागेच्या कामगारांनी गुप्त मतदानाने ठरवायचं. कुणाचं मत काय हे मालकाने विचारायचं नाही, संघटनेनेही दटावायचं नाही. कंपनीने कुणालाच काही विचारलं नाही. तिने पुण्याच्या मुख्य कचेरीतून एक नवी प्रणाली मागवली आणि ती पट्ट्यांना जोडून दिली.

मोहिनीला खरोखरच ठरवता येत नव्हतं. रुबीनाला घरी बसवलं तेव्हा ती स्वतः रडली होती. पण तिचे वडील सूतगिरणीत होते. तिथे संघटना झाली, संप झाला, मालक आणि पुढारी दोघेही हटेनात, आणि गिरणी बंद पडली ती पडलीच. वडील पुढे कितीतरी वर्षं ओट्यावर बसून रस्ता बघत राहिले. ती ओट्यावरची आकृती मोहिनीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"ताई, देवाशपथ, मी ठरवलंच नही," ती म्हणाली.

"मंग यंत्र खोटं बोलतं का?" हर्षाताईने विचारलं. त्या दिवशी भरीत चांगलं झालं होतं, पण कोणी ते वाखाणलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारातच रुबीनाने तिला मिठी मारली. कचेरीतून आकडे फुटले होते आणि सगळ्या हॉलभर झाले होते.

"मले माहीतच होतं वं!" रुबीना म्हणाली. "मी संघटनेच्या समितीत तुह्यं नाव देऊन बी टाकलं."

"मले विचारलं?"

"तुले काय विचारायचं? माह्यं नि तुह्यं काय वेगळं हाये का?"

रुबीनाच्या मनात पाप नव्हतं. पण मोहिनीला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की ती भांडायची. "तिकडं ताई म्हनते, तू माह्याशी बेइमान झाली. इकडं तू म्हनतेस, तू माह्यीच हायेस. दोघींनी मिळून मले परस्पर वाटून घेतलं. मी हाये कुठं याच्यात?"

रुबीना ओशाळली. तिने समितीतून नाव काढलंही. पण ते मोहिनीला सांगायची सोय राहिली नाही, कारण त्याच दिवशी कंपनीने 'कामात नावीन्य यावं' म्हणून जोड्या मोडल्या आणि रुबीनाला मागच्या हॉलमध्ये पाठवलं. मोहिनीसमोर आणून बसवलेली नवी कापणारी दुसऱ्याच दिवशी आजारी पडली. बाटल्या तर भरायच्याच होत्या. शेवटी पर्यवेक्षक असलेली हर्षाताई स्वतः टोपी चढवून, पट्टा बांधून तिच्यासमोर बसली.

ती पूर्वी उत्तम कापणारी होती. पण बढती मिळून बरीच वर्षं झाली होती आणि शिवाय दोघींमध्ये अबोला होता. पहिल्या दिवशी तुकडे काळवंडले, बाटल्या सांडल्या, हर्षाताईने मास्कमधून डोळे वटारले, मोहिनीने तिच्याहून मोठे वटारले. पण हाताला अबोला फार दिवस जमत नाही. आठवड्याभरात मोहिनीला ताईचा श्वास ऐकू यायला लागला. ताई दमते तेव्हा डावा खांदा उचलते, आणि चिंतेत असते तेव्हा कापायच्या आधी सुरी दोनदा फिरवते, हे तिला घरात इतकी वर्षं वावरून कळलं नव्हतं. एका दुपारी ताईची सुरी सारखी फिरताना पाहून मोहिनीने बाटली खाली ठेवली आणि तिला पाण्याकडे बोट दाखवलं. ताई निमूटपणे उठली आणि पाणी पिऊन आली.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी व्यवस्थापक सबनीस साहेबांनी हर्षाताईला केबिनमध्ये बोलावलं. परत आली तेव्हा ती लालबुंद झाली होती. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तिने मोहिनीला गाडीवर मागे बसवलं आणि घराकडे न वळता रसवंतीवर गाडी थांबवली.

"मले म्हने, मॅडम, तुम्हीसुद्धा?" ती बाकावर बसत म्हणाली. "माह्या आयुष्यात मी संघटनेचं नाव काढलं नही. उलट रोज शिव्या घालते. आनि पट्टा म्हनतो, शंभरात एक्क्याण्णव! तुह्याहून जास्त!"

मोहिनीला हसू आवरेना. रसवाल्याने दोन पेले आणून ठेवले.

"हस, हस," हर्षाताई म्हणाली. "मी काल रात्रभर त्या प्रणालीची सगळी माहितीपत्रकं वाचली. एम. एस्सी. काय उगीच केलं?"

आणि तिने जे सांगितलं ते असं. त्या प्रणालीला कोणी मन वाचायला शिकवलं नव्हतं. तिला दुसरीकडच्या कारखान्यांची जुनी माहिती दिली होती: कामगारांच्या पट्ट्यांच्या नोंदी आणि तिथे पुढे संघटनेच्या बाजूने किती मतं पडली ते निकाल. दोन्हींत काही मेळ लागतो का, ते तूच शोध, एवढंच तिला सांगितलं होतं. तिने तो शोधला. माणसं खूप दिवस एकत्र, एकमेकांकडे लक्ष देऊन काम करायला लागली की त्यांच्या हृदयाचे ठोके एका लयीत कमीजास्त होतात. एकत्र गाणाऱ्यांचं तसं होतं, तान्ह्या बाळाचं आणि आईचंही होतं. ज्या कारखान्यांत अशी लय जुळलेली माणसं जास्त होती तिथे संघटना जिंकल्या होत्या. मग प्रणालीने सरळ हिशेब केला: ज्याची नाडी दुसऱ्या कोणाच्या नाडीबरोबर चालते, तो संघटनेचा.

"त्याले मत-बित काही कळत नही," हर्षाताई म्हणाली. "तुह्या अठ्ठ्याऐंशीत मत नही. रुबीना हाये."

"आनि तुमच्या एक्क्याण्णवात?"

हर्षाताईने पेला तोंडाला लावला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या केळीच्या ट्रककडे बघितलं. "तू हायेस, भवाने," ती म्हणाली.

घरी या नणंद-भावजयींनी एकमेकींना कधी 'बरी दिसतेस' एवढंही म्हटलं नव्हतं, आणि इथे एका यंत्राने दोघींचं गुपित साहेबांच्या पडद्यावर लावून ठेवलं होतं. मोहिनीला लाज वाटली, राग आला आणि आतून फार बरंही वाटलं.

पण गंमत तिथेच संपली. मतदानाला आठवडा उरला असताना बदल्यांचे हुकूम निघाले. सत्तरच्या वर आकडा असलेल्या बायकांना चोपड्याच्या रोपवाटिकेत जायचं होतं. मतदानाच्या दिवशी जी इथे कामाला नाही, तिचं नाव इथल्या यादीतून कमी व्हायचं. चोपड्याला गेलेल्या बाईचं इथलं मत बुडणार, आणि चोपड्यात मतदानच नव्हतं. मोहिनीचं नाव होतं, रुबीनाचं होतं. हर्षाताई पर्यवेक्षक असल्याने तिला मत नव्हतं, म्हणून तिला वगळलं होतं. ज्या मताचा मोहिनीला अजून पत्ता लागला नव्हता, ते ठरायच्या आधीच नाहीसं होणार होतं.

त्या संध्याकाळी रुबीना भांडणानंतर पहिल्यांदाच मोहिनीच्या घरी आली, तीही हर्षाताई बसलेली असताना. आधी तिने समितीतून नाव काढल्याचं सांगितलं, मग चहा घेतला, मग युक्ती काढली. "पट्टे बदलू. तुह्या मनगटाचा मी घालते, माह्या मनगटाचा तू. सगळ्या बायांनी अदलाबदल करायची. आकड्यांची अशी खिचडी होईन, की साहेबाले काही सुधरनारच नही."

युक्ती नामी होती. हर्षाताईनेसुद्धा मान डोलवली. पण मोहिनी म्हणाली, "मी नही करनार."

"काबरं?"

"चोरी केल्यासारखं काबरं वागायचं? मले काही लपवायचं नही, रुबीना. मले ठरवायचं हाये. अजून ठरलंच नही, त्यासाठी मले वेळ पायजे, आनि त्या वेळात कोनी माह्यी नाडी धरून बसायले नको. एवढंच. तुह्या बाजूनं नको, ताईंच्या बाजूनं नको. कायदा म्हनतो ना मत गुप्त हाये? मंग मत तयार होताना पन ते गुप्तच राहायले पायजे."

मोहिनी एवढं सलग बोलल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. गिरीश मिरच्यांची परात घेऊन मध्येच थांबला होता. हर्षाताईने चहाची बशी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि 'येते' म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी भरली तेव्हा ती हॉलच्या दाराशी असलेल्या नियंत्रण फलकासमोर उभी होती. पट्ट्यात बिघाड झाला तर नोंदी कचेरीत पाठवणं थांबवायचं आणि दमल्याची सूचना तेवढी चालू ठेवायची, हा अधिकार पर्यवेक्षकाला होता. तिने सगळ्यांसमोर स्वतःचा अंगठा फलकावर टेकवला. भिंतीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. सबनीस साहेब धावतच आले.

"मॅडम, हे काय करताय? कोणता पट्टा बिघडलाय?"

"सगळेच, साहेब," हर्षाताई कचेरीच्या मराठीत म्हणाली. "पट्टा थकवा मोजायला दिलाय. तो मत मोजतोय. याला बिघाडच म्हणतात. आणि बिघाड झाला की बंद करायची जबाबदारी माझी आहे. कारण म्हणून मी हेच लिहिलंय, खाली माझं नाव आहे."

"तुम्हाला याचे परिणाम माहीत आहेत?"

"माहीत आहेत."

सबनीस साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही पुण्याहून रोज फोन येत होते. ते पिवळ्या दिव्याकडे एकदा बघून परत गेले. लेखी कारण एकदा नोंदलं गेल्यावर मात्र ते झाकता येईना. बायकांनी ते कारण मतदान घेणाऱ्या कामगार अधिकाऱ्यांपर्यंत पोचवलं. त्यांनी मतदान होईपर्यंत बदल्या थांबवल्या आणि पट्ट्यांच्या नोंदी बंदच ठेवायला लावल्या. हर्षाताईचं पर्यवेक्षकपद गेलं आणि तिला कापणारी म्हणून कायमचं मोहिनीसमोर बसवलं. मतदारयादीत नवं नाव घालायची मुदत आधीच संपली होती, त्यामुळे तिच्याकडे ना पद राहिलं ना मत. शिक्षा म्हणून दिलेली जागा तिला आवडते, हे कंपनीला कळायला आता साधन उरलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी जेवणाच्या खोलीत पडदा लावला होता. पडद्याआड जाताना पट्टा बाहेर टोपलीत टाकायचा होता. मोहिनीने तो काढला आणि आत गेली. मनगट एकदम हलकं वाटलं. छाती धडधडत होती, आणि ती धडधड जगात कोणालाही ऐकू जात नव्हती. तिला ओट्यावर बसलेले बाबा आठवले. मग फाटकी जाळी आठवली. रुबीना आठवली, हर्षाताई आठवली, आणि तिने दोघींनाही मनातल्या मनात जरा बाजूला बसायला सांगितलं. मागच्या बाईने खाकरून घाई केली तरी ती हलली नाही. मग तिने शिक्का मारला, कागद घडी घालून पेटीत टाकला आणि बाहेर आली.

अंगणातल्या कडुनिंबाखालच्या बाकावर रुबीना आणि हर्षाताई बसल्या होत्या. मोहिनी त्यांच्या मधोमध जाऊन बसली.

"मी काही विचारत नही," रुबीना म्हणाली.

"मी बी नही," हर्षाताई म्हणाली.

दोघी दोन दिशांना बघत बसल्या. रुबीनाचा पाय सारखा हलत होता. न विचारणं तिला एवढं जड जात होतं की मोहिनीला तिची कीव आली, आणि त्याहून जास्त माया आली.

"संघटनेले दिलं," ती म्हणाली.

"मले माहीतच..." रुबीना उठून उभी राहिली, आणि जीभ चावून पुन्हा खाली बसली.

"काही माहीत नव्हतं तुले. मले बी नव्हतं. पन त्या रविवारी मतदान झालं असतं ना, तर मी विरोधात दिलं असतं. मनात तेच चाललं होतं. बाबांची गिरणी काही डोक्यातून जात नव्हती."

हर्षाताई हळूच म्हणाली, "म्हनजे तो अठ्ठ्याऐंशीचा आकडा..."

"साफ चूक होता, ताई. पन त्या आकड्यापायी त्यांनी काय काय केलं बघा. माह्यी जोडी तोडली, मले चोपड्याले धाडायले निघाले, तुमचं पद घेतलं. आनि एकदा बी कोनी मले विचारलं नही, की बाई, तुह्यं म्हननं काय हाये? तवा मले वाटलं, इथं आपल्या बाजूनं विचारनारं कोनीतरी पायजेच. बाबांची भीती खरी हाये. पन ही बी खरी हाये, आनि ही आजची हाये."

"मंग माह्यासाठी नही दिलं?" रुबीनाने विचारलं. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"तुह्यासाठी मी जीव देईन वं. मत कसं देईन?"

रुबीनाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. हर्षाताईचे खांदे मात्र हलत होते. ती रडतेय असं वाटून मोहिनीने तिच्याकडे वळून पाहिलं, तर ताई तोंडाला पदर लावून हसत होती, इतकी की तिला श्वास पुरेना.

"म्हनजे संघटनेचं एक मत पक्कं केलं ते आपल्या सबनीस साहेबांनी," ती कशीबशी म्हणाली. "पुन्याले कळू देऊ नको वं, मोहिनी. नोकरी जाईन बिचाऱ्याची."